हिवाळी चाकं चढवल्यावर स्टिअरिंग थरथरतंय? माझा अनुभव

जर्मनीत ऑक्टोबरात हिवाळी चाकं (थंडी-बर्फासाठीचे टायर असलेली) चढवली आणि ताशी 100 किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंग थरथरायला लागलं, तर लगेच बॅलन्सिंगवर पैसे घालू नका. आधी हब, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसतं तो गाडीचा भाग, बघा. गंजाचा पातळ पापुद्राही चाक तिरकं बसवायला पुरतो. तारेच्या ब्रशने हबची सपाट बाजू आणि रिमची मागची बाजू धातू चमकेपर्यंत घासा. रिम कंपनीची नसेल तर प्लास्टिकची सेंटरिंग रिंग (चाक हबच्या बरोबर मध्यावर बसवणारी) तपासा. ती बरेचदा उन्हाळी रिममध्येच अडकून राहते. बोल्टना तेल-ग्रीस नको. आधी हाताने, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. शेवटचा टॉर्क (ठरलेल्या जोराने आवळणं) गाडी खाली टेकवूनच. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. 50 किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावून बोल्ट तपासा. थरथर फक्त बर्फातून आल्यावर होत असेल, तर रिमच्या आत गोठलेला बर्फ खरवडा.