पदवीसाठी श्रेयांकांचा हिशेब कसा ठेवावा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात लागू झालेल्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी १६० ते १७६ श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजले जाणारे एकक) लागतात. म्हणजे दर सत्राला साधारणपणे २० ते २२. मात्र एकूण बेरीज भरली की पदवी मिळाली, असे नसते. प्रत्येक श्रेयांक मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (खुला ऐच्छिक विषय), कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण अशा एखाद्या ठरावीक गटात जमा होतो आणि एका गटातील जादा श्रेयांक दुसऱ्या गटातील तूट भरून काढत नाहीत.

म्हणून प्रवेश घेतल्यावर पहिले काम हे की, आपल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातील श्रेयांकांचा तक्ता वहीत उतरवून घ्यावा आणि दर सत्राचा निकाल लागला की त्यात मिळालेले श्रेयांक गटवार भरावेत. गुणपत्रिकेवरील एकूण आकडा पाहून समाधान मानू नये.

सर्वाधिक गोंधळ ओपन इलेक्टिव्हच्या निवडीत होतो. हा विषय आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा असावा लागतो. रसायनशास्त्र मेजर असलेल्या विद्यार्थिनीला ‘दैनंदिन जीवनातील भौतिकशास्त्र’ सोपे वाटले, तरी तो विज्ञान शाखेचाच विषय असल्याने तिला या गटात चालणार नाही. तिने वाणिज्य किंवा मानव्यविद्येकडे वळावे. मेजरमधील इलेक्टिव्ह ही वेगळी गोष्ट असून ते मेजरच्याच खात्यात मोजले जाते. नावे सारखी असल्यामुळे ही दोन्ही खाती एकच समजली जातात, आणि वर्गातील बहुतेकांनी घेतले म्हणून आपणही तेच घेण्याची आपली सवय इथे महागात पडते.

एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तासांचे व्याख्यान किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक. दोन श्रेयांकांचा विषय लहान दिसला तरी त्यात नापास झाल्यास दोन्ही श्रेयांक शून्य होतात, अर्धे मिळत नाहीत. सत्राची सरासरीही श्रेयांकांच्या वजनानेच निघते: चार श्रेयांकांच्या मेजरमध्ये ८ आणि दोन श्रेयांकांच्या ओपन इलेक्टिव्हमध्ये ६ ग्रेड पॉइंट मिळाले, तर ३२ अधिक १२ भागिले ६, म्हणजे ७.३३.

‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरील ऑनलाइन अभ्यासक्रमाचे श्रेयांक धरता येतात, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१ च्या नियमांनुसार त्यांची मर्यादा एका सत्रातील एकूण अभ्यासक्रमांच्या ४० टक्क्यांपर्यंत आहे. परंतु नोंदणीपूर्वीच तो अभ्यासक्रम कोणत्या गटात धरला जाईल, हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्यावे. प्रमाणपत्र आधी आणि परवानगी नंतर, हा क्रम टाळावा.

अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे श्रेयांक साठवून ठेवणारी ऑनलाइन बँक, हिच्यातील खाते विद्यार्थ्याने डिजिलॉकरमधून उघडायचे असते, मात्र त्यात श्रेयांक जमा करण्याचे काम संस्थेचे असते. आधारवरील आणि महाविद्यालयातील नावात फरक असेल, जसे एका ठिकाणी वडिलांचे नाव आणि दुसऱ्या ठिकाणी नुसते आद्याक्षर, तर नोंद अडकू शकते. ती दुरुस्ती पहिल्याच वर्षी करून घ्यावी. श्रेयांकांची वैधता जास्तीत जास्त सात वर्षे असल्याने मध्येच शिक्षण थांबवणाऱ्यांनी ही मुदत लक्षात ठेवावी. शिवाय पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचे असल्यास ४० ते ४४ श्रेयांकांखेरीज चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते.