तक्त्यावर ‘थांब’ आहे का?

मी विशेष शाळेत शिकवते. कुठल्याही नव्या थेरपी सेंटरला गेले की आधी बोलता न येणारी मुलं बोट ठेवून किंवा नजरेने दाखवून ‘बोलतात’ तो चित्रांचा तक्ता बघते. पाणी, डबा, शू, झोका, आई ही चित्रं सगळीकडे असतात. ‘नको’, ‘थांब’, ‘दुखतंय’ नसतील, तर बोलता न येणाऱ्या मुलाला मागता येतं, अडवता येत नाही. छाती, मांड्या, शूची जागा यांचीही चित्रं लावा. पालक लाजतात, पण जी जागा दाखवताच येत नाही, तिथे काय झालं हे मूल सांगणार कसं?

चित्र लावल्यावर खरं काम सुरू होतं. ‘थांब’ दाखवलं की मोठी माणसं थांबतात, हा अनुभव मुलाला रोज यायला हवा, आणि तो खिचडीच्या घासापासून द्यायचा. तोंड फिरवलं की चमचा खाली. “एकच घास, माझा राजा ना” बंद. पाय ताणताना ‘थांब’ आलं तर हात काढा, पाच मोजा, “परत करू?” विचारा. व्यायामाला सुट्टी नाही, पण आधी डावा पाय की उजवा, हे त्याला ठरवू द्या. थेरपिस्ट म्हणतात, ताई, अशाने अर्धा तास पुरत नाही. नाही पुरत, खरंय. पण दिवसभर निमूट ऐकणाऱ्या मुलाला ‘शहाणं’ म्हणायचं आणि वाईट प्रसंगी मात्र त्याने ओरडावं अशी अपेक्षा धरायची, हे मला पटत नाही.

सगळ्यात नाजूक वेळ टॉयलेटची. व्हीलचेअरच्या मागून येऊन काखेत हात घालून उचलू नका. समोर या, खाली बसा, “टॉयलेटला जाऊ या? उचलू?” विचारा आणि गप्प राहा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या मुलाला मान वळवायलाही वेळ लागतो. आपण घाईने दुसऱ्यांदा विचारतो आणि निम्म्यावर आलेलं उत्तर तिथेच राहतं. मनात दहा मोजा. पुसताना, चड्डी चढवताना काय करतोय ते सांगत राहा. मदतनीस मावशी रोज असं सांगून करत असल्या, की एखाद्या दिवशी कुणी न बोलता हात लावला, “कुणाला सांगू नको” म्हटलं, तर त्यातला फरक मुलाला कळण्याची शक्यता वाढते.

सांगायचं कुणाला, हे फोटो समोर ठेवून मुलालाच निवडू द्या. घरचं एक, शाळेतलं एक. आमच्या एका मुलीने स्वयंपाकाच्या आजी निवडल्या, वर्गशिक्षिका नाही. असू दे. कर्णबधिर मुलाच्या खुणा एकाच शिक्षकाला कळत असतील, तर त्या शिक्षकाची तक्रार ते कुठे नेणार? खुणा निदान दोघांना यायला हव्यात.

व्हॅन आली की व्हीलचेअरचं चाक घट्ट धरून ठेवणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होणं, हेही सांगणं असू शकतं. “त्याचं असंच असतं” म्हणून सोडून देऊ नका.

मुलाने काही सांगितलं तर “काकांनी हात लावला का?” असं विचारू नका, समोरच्याला बरं वाटावं म्हणूनही काही मुलं हो म्हणतात. “मग काय झालं?” एवढंच पुरे. त्याचे शब्द, दाखवलेली चित्रं, तारीख, वेळ जशीच्या तशी लिहा. लैंगिक प्रकाराचा संशय असेल तर 2012 च्या पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण) कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. “आधी आपण आत चौकशी करू” चालत नाही. हाताखालच्या माणसाबद्दल गप्प बसणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तातडीच्या मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन 1098. मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या जागी घेता येतो, घेणारे पोलीस गणवेशात नसावेत, आणि कलम 26 प्रमाणे विशेष शिक्षकाची किंवा मुलाची बोलण्याची पद्धत ओळखणाऱ्या माणसाची मदत घेता येते. ती आपणहून मागा.

आणि त्याच संध्याकाळी मुलाला सांगा: उद्या कोण येणार, आई शेजारी बसणार का, व्हॅनमध्ये कोण असणार.