अ‍ॅक्रिलिकमधली जुनी नाणी जमवताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की दरवर्षी कुणी ना कुणी माझ्याकडे पिवळट पडलेला ठोकळा घेऊन येतं. आत घरचं जुनं नाणं अडकलेलं असतं आणि प्रश्न एकच असतो, "हे बाहेर कसं काढायचं?" मी नाणी बसवलेले जुने पेपरवेट, कीचेन, टेबलावरचे ठोकळे बरीच वर्षं जमवतोय, म्हणून लोकांना वाटतं की नाणी कोंडायला माझी हरकत नसणार. हरकत आहे, आणि मोठी आहे. कारखान्यात कधीकाळी कोंडलेलं नाणं ठोकळ्यासकट जपावं. जे जुनं नाणं आज आपल्या हातात मोकळं आहे, ते मोकळंच ठेवावं.

परभणीकडचा एक पोरगा दोन वर्षांपूर्वी आला होता. आजीच्या पेटीतला हाली रुपया, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा चांदीचा रुपया, त्यानं रेझिनमध्ये ओतला होता. त्यावरच्या चारमिनारच्या मधल्या कमानीत 'ऐन' हे फारसी लिपीतलं अक्षर, म्हणजे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळातला. (तिथं 'मीम' असेल तर त्यांच्या वडिलांच्या, मीर महबूब अली खान यांच्या काळातला.) आपल्याकडे सहा कळदारला, म्हणजे इंग्रजी रुपयांना, सात हाली असा हिशेब चालायचा, तोच हा रुपया. पोराचा हेतू चांगला होता, आजीच्या वाढदिवसाला द्यायचा होता. "काका, लई प्रयत्न केलो, निघंना झालंय," म्हणाला आणि ठोकळा माझ्या हातात दिला. आत नाण्याभोवती फुटलेल्या काचेसारख्या चिरा, वर बुडबुड्यांचा थर, आणि नाण्याच्या एका बाजूला आरशासारखा चमकणारा डाग. तो डाग म्हणजे रेझिन आकसताना नाण्यापासून सुटलं आणि मध्ये हवेची फट राहिली.

त्यानं काय काय केलं ते विचारलं. आधी चिंच-मीठ लावून नाणं घासलं. नीट वाळवलं नाही. मग साचा एकाच वेळी काठोकाठ भरला, आणि लवकर सुकावं म्हणून रेझिन घट्ट करणारा हार्डनर दुप्पट घातला. दिवस मे महिन्याचे, पत्र्याची खोली. रेझिन घट्ट होताना स्वतःची उष्णता सोडतं. पातळ थर असेल तर ती निघून जाते, जाड थरात ती आतच साठते आणि तिनंच पुढची क्रिया आणखी वेगानं होते. आपल्या ४२ अंशांच्या दुपारी तर विचारूच नका. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकतं, ही समजूत कुठून आली कळत नाही. बाटलीवर जे प्रमाण दिलंय तेच हवं, जास्त झालं की उलट चिकट राहतं किंवा ठिसूळ होतं. आणखी एक गोष्ट: बाजारात 'अ‍ॅक्रिलिक' म्हणून जे दोन बाटल्यांत मिळतं ते बहुतेक वेळा इपॉक्सी असतं. ते उन्हात पिवळं पडतं. खरं अ‍ॅक्रिलिक वर्षानुवर्षं पाण्यासारखं स्वच्छ राहतं, पण ते घरच्या साच्यात ओतायचं काम नाही.

ठोकळा अ‍ॅसिटोनमध्ये ठेवून त्यानं आठवडा घालवला होता. घट्ट झालेलं इपॉक्सी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही. आम्ही हॅकसॉ ब्लेडनं नाण्यापासून अर्धा सेंटीमीटर लांब राहून चारही बाजू कापल्या, तुकडा उकळत्या पाण्यात ठेवला आणि मऊ पडल्यावर बांबूच्या काडीनं कडेकडेनं सोलत गेलो. गार झालं की पुन्हा उकळत्या पाण्यात. सगळी दुपार गेली. रुपया निघाला, पण पांढुरका, निस्तेज. मिनारांवरची बारीक नक्षी घासण्यानं पुसट झालेली, आणि कडेला आत राहिलेल्या ओलीचा काळा वळ. या रुपयात चांदी सुमारे ८२ टक्के असते, बाकी मुख्यतः तांबं. आंबट लागलं की वरचं तांबं आधी जातं आणि शंभर वर्षांत चढलेली झाक पाच मिनिटांत उतरते. ती परत आणता येत नाही. लक्ष्मीपूजनाला रुपये राखेनं, रांगोळीनं घासणाऱ्या घरांनाही माझी हात जोडून हीच विनंती आहे. साध्या पाण्यानं धुवा, टिपून घ्या, बस.

भेटच द्यायची असेल तर उघडता येणारी अ‍ॅक्रिलिकची गोल डबी मिळते, तिला कॅप्सूल म्हणतात. चांदीच्या रुपयाला साधारण ३१ मिलिमीटरची लागते, तरी आधी नाणं मोजा. दिसायला ठोकळ्याइतकीच छान, आणि उद्या नातवाला नाणं हातात घेऊन बघता येतं.

आता विकत घेणाऱ्यांच्या चुका. माळेगावच्या यात्रेत माझ्या मेहुण्यांनी घुमटासारखा पेपरवेट घेतला, आत १९४७ चा रुपया. विकणारा म्हणाला, चांदीचा. त्यांनी चांदीचे पैसे मोजले. घरी आल्यावर मी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून ठोकळ्याजवळ सोडलं, ते हळूच नाण्याकडे झुकलं. चांदीला चुंबक ओढत नाही. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे आणि निकेलला चुंबक ओढतं. कोंडलेल्या नाण्याला तराजू लावता येत नाही, वाजवून बघता येत नाही, म्हणून विकणारे वाट्टेल ते सांगतात. इसवी सन पाठ असला तरी निम्मी फसवणूक टळते: कळदार रुपया १९४० पर्यंत आला की चांदी निम्मी झाली, आणि १९४७ ला चांदी उरलीच नाही. चुंबकाचा तुकडा माझ्या खिशात कायम असतो. चुंबक झुकलं नाही म्हणून चांदी ठरत नाही हेही लक्षात ठेवा, पितळ आणि तांबंही झुकवत नाही.

घुमटाकार ठोकळ्यात नाणं आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. मोजायचं असेल तर सपाट बाजूनं. शिवरायांचा होन म्हणून कीचेनमध्ये रुपयाएवढी पिवळी चकती घालून विकतात. खरा सोन्याचा होन इवलासा, पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा, आणि इतका दुर्मीळ की तो कीचेनमध्ये येणारच नाही.

निजामी नाण्यांवरचं साल हिजरी असतं. १३३७ वाचून "सहाशे वर्षांपूर्वीचं, तुघलकाच्या दौलताबादचं" असं सांगणारा मला प्रत्यक्ष भेटलाय. हिजरी १३३७ म्हणजे १९१८-१९.

खरं अ‍ॅक्रिलिक आहे का, हे बघायला तापलेली सुई टोचू नका. भोक कायमचं राहतं. काच असेल तर हाताला गार लागते आणि तेवढ्याच आकारात दुप्पट जड भरते. इपॉक्सी बहुधा पिवळट झालेलं असतं. एवढं पुरतं.

स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर यांनी पुसू नका. नाण्याभोवती अ‍ॅक्रिलिकमध्ये ताण असतो, तिथंच कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटतात.

घुमटाकार पेपरवेट खिडकीत ठेवू नका. तो भिंगासारखा ऊन एकवटतो आणि खालचा कागद पेटू शकतो.

तेर, पैठण, भोकरदन या भागात नांगरताना सातवाहनांची शिशाची, तांब्याची नाणी वर येतात. ती रेझिनमध्ये ओतणं तर सोडाच, घरात दडवणंही चूक आहे. जमिनीत दडलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शिवाय ते नाणं कुठल्या शेतात, किती खोल, कशाबरोबर मिळालं हे कळणं नाण्याइतकंच मोलाचं असतं. तांब्यावर हिरवी भुकटी सुटत असेल तर ते कशातही बंद करू नका, आत कोंडलेल्या ओलीनं तो रोग चालूच राहतो.

जुन्या ठोकळ्यावरचे ओरखडे मात्र घरी निघतात. हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर आणा, १००० नंबर, मग १५००, मग २०००. साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हातानं घासा आणि प्रत्येक नंबरला दिशा बदला, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या का ते दिसतं. शेवटी मऊ सुती फडक्यावर भांड्यांचं पातळ पॉलिश. नवशिके थेट २००० वर उडी मारतात आणि ओरखडे तसेच राहिले म्हणून कुरकुर करतात. एका बाजूला मला तासभर लागतो. दुसरी बाजू मी दुसऱ्या दिवशी घेतो, आणि ठोकळा कुठून आला, कधी आला ही चिठ्ठी त्याच फडक्यात गुंडाळून ठेवतो.