पुन्हा पुन्हा त्याच पापात पडत असाल तर: कृपेवर उभं राहून झगडायचं कसं

विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला, वर्षं गेली, तरी एखादं पाप पाठ सोडत नाही. कुणाचा राग, कुणाच्या थापा, कुणाचं चोरून अश्लील चित्रं पाहणं, कुणाची वर्षानुवर्षं धरलेली अढी. बहुतेक जण यावर एकच उपाय करतात: पडल्यावर रडायचं, पुन्हा कधीच नाही अशी शपथ घ्यायची, काही दिवस निभवायचं आणि पुन्हा तिथेच यायचं. अशा वेळी माणूस जिद्दीत कमी पडतो असं वाटतं, पण बहुधा चूक क्रमात असते. आधी पाप जिंकू आणि मग देवासमोर तोंड दाखवू, असा त्याचा हिशेब असतो. सुवार्तेत देव आधी स्वीकारतो आणि त्या स्वीकारलेल्या माणसाचा झगडा नंतर सुरू होतो. खालची सगळी कृती या क्रमावर अवलंबून आहे. क्रम उलटा ठेवून ती करून पाहिली तर ती आणखी एक ओझं होईल.

आधी पाया तपासा

इफिसकरांस २:८-१० ही तीन वचनं एका दमात वाचा. तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे. ते कर्मांनी मिळालेलं नाही, म्हणून कुणाला बढाई मारता येत नाही. दहाव्या वचनात सत्कर्मं येतात, पण तारणाची किंमत म्हणून नव्हे. आपण ज्यासाठी निर्माण झालो ते काम म्हणून येतात. बरेच जण नवव्या वचनावर थांबतात किंवा थेट दहाव्यापासून सुरुवात करतात. दोन्ही वाचनं फसवतात.

आता स्वतःला एक प्रश्न विचारा: आज सकाळी मी पडलो, तर आज संध्याकाळी देव माझी प्रार्थना ऐकेल का? ‘दोन-तीन दिवस नीट वागलो तर ऐकेल’ असं मन म्हणालं, तर तोंडी कृपा असली तरी पाया कर्मांवर आहे. मग रोमकरांस ५:८ कडे जा: आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. सुधारल्यानंतर नाही.

ही काही एकाच पंथाची शिकवण नाही. माणूस स्वतःच्या बळावर निष्पाप जगू शकतो, हे पेलाजियस नावाच्या धर्मशिक्षकाचं म्हणणं ४१८ साली कार्थेजच्या परिषदेनं नाकारलं. सुरुवातसुद्धा कृपाच करते, हे ५२९ साली ऑरांजच्या परिषदेनं मांडलं. नीतिमान ठरण्याचं नेमकं स्वरूप काय, यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळ्या सोळाव्या शतकापासून भांडत आल्या आणि सगळे मतभेद अजून मिटलेले नाहीत. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी सही केलेल्या संयुक्त घोषणेत एवढं एकमतानं आलं, की देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेनं, आपल्या कुठल्याही योग्यतेमुळे नव्हे.

‘मग पाप करत राहिलं तरी काय बिघडलं?’ हा प्रश्न प्रेषित पौलानंच रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (रोम ६:१) विचारून मोडीत काढला आहे. तीताला २:११-१२ प्रमाणे हीच कृपा अभक्तीला नाही म्हणायला शिकवते. कृपेचं नाव घेऊन पापाशी तह करायची इच्छा होत असेल, तर ती इच्छाच तपासणीच्या यादीत पहिली लिहा.

सातव्या अध्यायात अडकू नका

‘जे करावंसं वाटतं ते करत नाही, ज्याचा द्वेष करतो तेच करतो’, रोम ७ मधले हे शब्द झगडणाऱ्याला आपलेच वाटतात. ते नेमके कुणाबद्दल आहेत यावर जुना वाद आहे. ते मोशेच्या नियमशास्त्राखालच्या, अजून कृपेत न आलेल्या माणसाबद्दल आहेत, असं प्राचीन मंडळीतला धर्मशास्त्री ऑगस्टीन आधी मानत होता. नंतर ते विश्वासणाऱ्यालाही लागू आहेत, असं तो म्हणू लागला. वाद बाजूला ठेवला तरी एक पथ्य सर्वांनी पाळण्यासारखं आहे: ७:७ पासून वाचायला लागलात तर ८:१३ पर्यंत थांबायचं नाही. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आहे, पौलाची नाही. ७:७-२५ मध्ये पानभर ‘मी, मला, माझं’ चालतं आणि पवित्र आत्म्याचा उल्लेख एकदाही नाही. आठव्या अध्यायात तो सुमारे वीस वेळा येतो. ‘दंडाज्ञा नाही’ हे ८:१ मध्ये येतं आणि शरीराची कर्मं ठार मारण्याची आज्ञा ८:१३ मध्ये. तीही आत्म्याच्या द्वारे. इथेही क्रम तोच.

पापाची वाट कागदावर काढा

याकोब १:१४-१५ मध्ये पापाचा प्रवास आहे: वासना ओढते आणि भुलवते, ती गर्भवती होऊन पापाला जन्म देते, पाप वाढून मरण उपजवतं. आपण मात्र सगळा जोर शेवटच्या पायरीवर लावतो. तिथे हार जवळपास ठरलेली असते.

एक कागद घ्या. गेल्या तीन वेळा पडलात ते प्रसंग आठवा आणि प्रत्येकासमोर एवढंच लिहा: वेळ, जागा, एकटे होतात की कुणासोबत, आधीच्या दोन-तीन तासांत काय घडलं, शरीर कसं होतं (थकवा, भूक, अपुरी झोप), आणि मनात कोणतं वाक्य आलं. हे वाक्य सर्वांत महत्त्वाचं. ‘आज एवढंच.’ ‘एवढं राबतो, माझा हक्कच आहे.’ ‘रात्री कबूल करून टाकू.’ पाप आधी या वाक्यात होतं, हातून नंतर. दुसऱ्यांची नावं लिहू नका आणि काम झालं की कागद फाडून टाका.

तीन प्रसंग शेजारी ठेवले की बहुधा वाट दिसते. रात्री नऊला घरच्यांवर उसळलेला राग दुपारी चारला गिळलेल्या अपमानातून आलेला असतो. मग झगड्याची वेळ चार आहे, नऊ नाही. २ शमुवेल ११ या नजरेनं वाचा. राजे लढाईला जातात त्या दिवसांत दावीद राजा यरुशलेमेत मागे राहिला, संध्याकाळी उठून गच्चीवर फिरू लागला, त्यानं आंघोळ करणाऱ्या बथशेबेला पाहिलं, तिची चौकशी केली, ती उरीयाची बायको आहे हे ऐकलं, तरी माणसं पाठवली. थांबायच्या जागा मोजा. पाहून नजर वळवणं शक्य होतं, आणि नवऱ्याचं नाव कानावर पडल्यावर तर थांबण्याचं कारणही समोर होतं.

मोह होणं म्हणजे पाप नव्हे, हेही इथेच पक्कं करा. इब्री ४:१५ प्रमाणे ख्रिस्ताचीही सर्व प्रकारे परीक्षा झाली, तरी तो निष्पाप राहिला. विचार दारात आला म्हणून ‘आता पडलोच आहे, तर पुढे जायला काय हरकत’ असं समजणं ही नेहमीची फसगत आहे.

मोहाच्या घटकेला

इथे लांबलचक प्रार्थना चालत नाही. ओठ हलवून, पापाचं नाव घेऊन बोला: ‘प्रभू येशू, मला आत्ता खोटं बोलून सुटायचं आहे. मी तुझा आहे. मला सांभाळ.’ मधलं वाक्य गाळू नका. पापाला मेलेले आणि देवासाठी जिवंत असे स्वतःला माना, ही रोम ६:११ ची आज्ञा त्यात आहे. मग जागा सोडा. योसेफानं पोटीफराच्या बायकोला नकार आधीही दिला होता, पण शेवटच्या प्रसंगी तो वस्त्र तिच्या हाती सोडून पळाला. लैंगिक पापाबाबत १ करिंथ ६:१८ चा शब्दही ‘पळा’ हाच आहे. वासनेशी चर्चा करत बसणारा सहसा हरतो.

एक वचन पाठ हवं, आणि ते त्या पापाचंच हवं. अरण्यात येशूनं सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरं अनुवादाच्या पुस्तकातली (८:३, ६:१६, ६:१३) आणि प्रत्येक उत्तर त्या-त्या मोहाला नेमकं लागणारं. रागासाठी याकोब १:१९-२०, खोटेपणासाठी इफिस ४:२५, पैशाच्या हावेसाठी इब्री १३:५, कामवासनेसाठी १ थेस्सलनी ४:३-५. दहा वचनं अर्धवट येण्यापेक्षा एक तोंडपाठ असलेलं बरं.

या घटकेच्या कितीतरी आधी करायचं काम म्हणजे वाट तोडणं. उजवा डोळा उपटून टाकण्याबद्दलचं मत्तय ५:२९ चं वचन शरीराला इजा करायला सांगत नाही, पण पापाची सोय तोडायला नक्कीच सांगतं. फोन झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवायचा, ते खातं बंद करायचं, पासवर्ड दुसऱ्याकडे द्यायचा. जे तोडताना ‘एवढं टोकाला कशाला’ असं वाटतं, बहुधा तीच खरी वाट असते.

आणि रिकामी झालेली जागा भरा. इफिस ४:२८ मध्ये चोराला नुसतं ‘चोरी सोड’ म्हटलेलं नाही: चोरी सोड, हातांनी कष्ट कर, गरजवंताला दे. निंदा करणाऱ्यानं त्याच माणसासाठी नाव घेऊन रोज प्रार्थना करावी आणि त्याच्याबद्दलची एक खरी चांगली गोष्ट चारचौघांत बोलावी. झाडून रिकाम्या ठेवलेल्या घरात सात आणखी वाईट आत्मे येतात, हे मत्तय १२:४३-४५ मध्ये आहे. नुसत्या वर्ज्याच्या याद्या का टिकत नाहीत, ते त्यातून कळतं.

पडलात तर

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, पडण्यात नव्हे. लाज म्हणते, दोन दिवस थांब, जरा शुद्ध हो, मग प्रार्थना कर. त्या दोन दिवसांत माणूस आणखी दोनदा पडतो, कारण ‘आता काय फरक पडतो?’

शक्य तितक्या लवकर, त्याच दिवशी, कबूल करा. पाच मिनिटं पुरतात. पापाचं नाव सरळ घ्या. ‘प्रभू, माझं चुकलं असेल तर’ ही कबुली नव्हे. ‘पण’ लावू नका. स्तोत्र ५१ मध्ये दावीद बथशेबेला, एकटेपणाला किंवा परिस्थितीला दोष देत नाही. मग १ योहान १:९ मोठ्यानं वाचा: तो विश्वसनीय व न्यायी आहे, म्हणून क्षमा करतो. ‘न्यायी’ हा शब्द लक्षात ठेवा. क्षमा देवाच्या तात्पुरत्या चांगल्या मूडवर टांगलेली नाही, वधस्तंभावर पाप निस्तरलं गेलं आहे. शेवटी आभार माना आणि थांबा. तेच पाप तासाभरानं पुन्हा कबूल करू नका.

खेद खरा आहे का, हे अश्रूंवरून कळत नाही. २ करिंथ ७:१० दोन प्रकारचं दुःख सांगतं. येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला, पण तो त्यासाठी मिळालेली चांदीची नाणी घेऊन याजकांकडे गेला आणि मग एकटाच मरणाकडे. येशूला नाकारल्यावर पेत्रही रडला, पुढे किनाऱ्यावर प्रभू आहे असं कळताच त्यानं पाण्यात उडी टाकली, त्याच्या दिशेनं. तुमचं दुःख तुम्हाला कुणाकडे नेतं, ते पाहा.

देवाशी मिटलं म्हणजे माणसाशी मिटलं असं नाही. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण तिथेच ठेवून आधी समेट. जकातदार जक्कयानं फसवणुकीचे पैसे चौपट परत करायचं ठरवलं, तेही येशू त्याच्या घरी आल्यानंतर. घरी यावं म्हणून नव्हे. नुकसान केलं असेल तर भरून द्या. कुणावर अत्याचार झाला असेल, विशेषतः लहान मुलावर, तर पाळकासमोरची कबुली पुरेशी नाही. ते पोलिसांकडे जायलाच हवं, आणि ते झाकणारी मंडळी कृपेचं नाव घेऊन पापच करते.

प्रभुभोजन टाळणं हीही स्वतःहून लावून घेतलेली शिक्षा असते. १ करिंथ ११:२८ म्हणतं, स्वतःची परीक्षा करा आणि मग खा. कॅथलिक परंपरेत गंभीर पापानंतर आधी प्रायश्चित्त संस्कार घ्यावा लागतो. मग तो लवकर घ्या, महिने लोटू देऊ नका.

दुसरा एक माणूस

याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतं. एकच माणूस निवडा: स्त्रीनं स्त्री, पुरुषानं पुरुष, विश्वासात मुरलेला, पोटात ठेवणारा आणि ऐकून न दचकणारा. त्याच पापातून नुकताच बाहेर पडलेला नको. गलती ६:१ सावरणाऱ्यालाही मोहाचा इशारा देतं. आठवड्यातून अर्धा तास, ठरलेल्या वेळी. किती वेळा पडलास, एवढ्यावर भेट संपली तर ती लवकरच खोटं बोलण्याची जागा होते. पडल्यावर किती वेळानं देवाकडे गेलास, हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

एकट्यासाठी सोळाव्या शतकात येशूसंघाचा (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोलानं घालून दिलेली रीत अजून कामाची आहे: एका वेळी एकच दोष, सकाळी संकल्प, दुपारी आणि रात्री आढावा, दिवसाची दिवसाशी तुलना.

ही रीत सर्वांसाठी नाही. तरुण संन्यासी असताना मार्टिन लूथर तासन्‌तास कबुली देत बसे आणि तरी त्याला शांती मिळत नसे. तुमचा स्वभाव तसा असेल तर आढावा बंद करा आणि उलट रोम ८:३१-३९ रोज वाचा. नको असलेले घाणेरडे किंवा देवनिंदेचे विचार सतत घुसत असतील, तीच कबुली पुन्हा पुन्हा द्यावीशी वाटत असेल, तर तो मंत्रचळ (ओसीडी) हा आजार असू शकतो, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. दारूचं जुनं व्यसन डॉक्टरांना न विचारता एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. उपचार घेणं हा अविश्वास नव्हे.

काही महिन्यांत काय बदलायला हवं? पडणं आणि परत येणं यातलं अंतर कमी व्हावं, वाट आधीच्या पायरीवर ओळखू यावी, लपवाछपवी थांबावी. संख्या शून्यावर आली नाही म्हणून सगळं फोल गेलं असं समजू नका. आपल्या ठायी पाप नाही असं म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे, हे १ योहान १:८ विश्वासणाऱ्यांनाच सांगतं. आणि एखादं पाप खरंच सुटलं, की ज्यांचं सुटलेलं नाही त्यांच्याकडे पाहून लूक १८:११ मधल्या परूश्याची ‘मी इतरांसारखा नाही म्हणून आभार’ ही प्रार्थना मनात उमटू लागते. ती ऐकू आली की नवा कागद घ्या. या वेळी वर गर्वाचं नाव लिहा.