उजव्या क्लिकशिवाय फाइल एक्स्प्लोरर : या चुका टाळा

आईच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला संधिवात आहे. डावा क्लिक तिला जमतो, उजवा दुखतो. त्यामुळे फाइल एक्स्प्लोररमध्ये, म्हणजे विंडोजच्या फायली-फोल्डर दाखवणाऱ्या खिडकीत, फोटो वेगवेगळ्या फोल्डरमध्ये लावण्याचं तिचं आवडतं काम सुटलंच होतं. विंडोजमध्ये १९९५ पासून फायलींची बरीच कामं उजव्या क्लिकच्या मेनूत गेली, पण जवळजवळ प्रत्येक कामाला कीबोर्डचीही वाट आहे. माउसचं उजवं बटण बिघडलं असेल तरी हीच वाट कामी येते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो शिफ्ट + एफ१० दाबताना. या जोडीने उजव्या क्लिकचाच मेनू उघडतो. आई माउसचा बाण फोटोवर नेऊन ठेवायची आणि मग या कळा दाबायची. मेनू यायचा, पण भलताच. कारण कीबोर्ड बाण कुठे आहे ते बघत नाही, निवड कशाची झाली आहे ते बघतो. मेनूत ‘सॉर्ट बाय’ किंवा ‘न्यू’ दिसलं, तर एकही फाइल निवडलेली नाही असं समजा. डाव्या पट्टीतल्या फोल्डरचा मेनू आला, तर निवड तिथेच अडकली आहे. एस्केप दाबून मेनू बंद करा, फायलींच्या यादीत येईपर्यंत एफ६ दाबत राहा, फाइलच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं भराभर टाइप करा आणि ती फाइल उजळली की मगच शिफ्ट + एफ१०. ही सवय लागली की निम्म्या तक्रारी मिटतात.

मेनूऐवजी आवाज कमी-जास्त झाला किंवा स्क्रीनचा उजेड बदलला? मग लॅपटॉपवर एफएन कळही सोबत दाबावी लागेल. काही कीबोर्डवर स्पेसबारच्या उजवीकडे मेनूची वेगळी कळ असते. २०२४ पासूनच्या काही लॅपटॉपवर मात्र त्या जागी कोपायलटची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाची, कळ आली आहे. ज्यांना एकाच हाताने काम करायचं असतं, त्यांच्यासाठी हे खरोखर नुकसान आहे.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक कामासाठी मेनू शोधत बसणं. नाव बदलायला एफ२, गुणधर्म बघायला ऑल्ट + एंटर, नवा फोल्डर करायला कंट्रोल + शिफ्ट + एन. एफ२ दाबून नाव लिहिल्यावर एंटरऐवजी टॅब दाबलं, तर पुढच्या फाइलचं नाव थेट बदलायला मिळतं. सहलीच्या चाळीस फोटोंना नावं देताना याचं मोल कळतं.

इथे एक धोका आहे. बऱ्याच लॅपटॉपवर डिलीटची कळ वरच्याच ओळीत असते. शिफ्ट धरून एफ१० शोधताना बोट डिलीटवर पडलं, तर फाइल रिसायकल बिनमध्ये न जाता कायमची जाते. तेव्हा येणारा प्रश्न वाचल्याशिवाय एंटर दाबू नका.

फाइल ओढून नेतानाही गफलत होते. त्याच ड्राइव्हवर ओढली तर ती हलते, पेन ड्राइव्हवर ओढली तर तिची प्रत होते. उजव्या बटणाने ओढलं की विंडोज विचारून घेतं, डाव्याने ओढलं की विचारत नाही. म्हणून डाव्याने ओढताना प्रत हवी असेल तर कंट्रोल धरा, हलवायची असेल तर शिफ्ट. त्यापेक्षा कंट्रोल + एक्स आणि कंट्रोल + व्ही बरं, दुखऱ्या हाताने बटण दाबून धरावं लागत नाही.

एकेका क्लिकने बऱ्याच फायली निवडायच्या असतील, तर ‘व्ह्यू’मधल्या ‘शो’खाली फायलींसमोर चौकटी दाखवण्याचा पर्याय आहे. आईला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

बाणाच्या जागीच उजवा क्लिक हवा असेल, तर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबून ‘माउस कीज’, म्हणजे अंकांच्या पॅडने माउस चालवण्याची सोय, सुरू करा. अंकांच्या पॅडवर आधी वजाबाकीचं चिन्ह, मग ५. त्यानंतर ५ दाबलं की दर वेळी उजवाच क्लिक होत राहतो, आणि माउस बिघडला असं वाटतं. तिरकी रेघ दाबा, डावा क्लिक परत येतो.