‘जिम्नॅशियम’ दिसलं की डंबेल्स आठवतात? युरोपातली कागदपत्रं वाचताना या चुका टाळा

जर्मन उमेदवाराच्या बायोडेटात ‘१९९८ ते २००७, गिम्नाझिउम’ असं लिहिलेलं असेल, तर तो नऊ वर्षं जोर-बैठका काढत नव्हता. जर्मनीत गिम्नाझिउम म्हणजे विद्यापीठाच्या वाटेवरची शाळा. बहुतेक राज्यांत ती पाचवीपासून सुरू होते आणि शेवटी आबिटुअरची, म्हणजे विद्यापीठप्रवेशाचा हक्क देणारी, परीक्षा असते. यंत्राने केलेल्या भाषांतरात तिची ‘व्यायामशाळा’ होऊ शकते, म्हणून कागद पुढे पाठवण्याआधी हा शब्द स्वतः तपासा.

उलटी चूक बोलताना होते. म्युनिकमध्ये नोकरीला गेलेल्या पस्तिशीच्या माणसाने ‘मी रोज गिम्नाझिउमला जातो’ म्हटलं, तर समोरच्याला वाटणार हा शाळेत शिकवतो की काय! जिमला तिथे ‘फिटनेसस्टुडिओ’ म्हणा.

मूळ मात्र एकच. ग्रीक ‘गिम्नोस’ म्हणजे उघडा. कपडे उतरवून कसरत करायची जागा ती गिम्नासिऑन. तरुण तिथे जमायचे, म्हणून शिकवणारेही तिथेच येऊ लागले. प्लेटोची अकादमी आणि अ‍ॅरिस्टॉटलचं लायसियम, दोन्ही नावं अथेन्सच्या अशा आखाड्यांचीच. पुढे इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिशने कसरत ठेवून घेतली, जर्मनने अभ्यास. विद्यापीठात मुलं पाठवणाऱ्या शाळांना प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याने १८१२ मध्ये हेच नाव अधिकृतपणे दिलं.

‘शाळा’ हा अर्थ कळला की माणूस निर्धास्त होतो, आणि खरी फसगत तिथेच होते. स्वीडनमध्ये हा साधारण १६ ते १९ वयाचा टप्पा, आणि त्यात बांधकाम, वीजकामासारखे व्यवसाय-अभ्यासक्रमही येतात. ग्रीसमध्ये ती १२ ते १५ वर्षांच्या मुलांची शाळा. सगळ्यात फसवं पोलंडचं: १९९९ मध्ये आलेली तिथली तीन वर्षांची ‘गिमनाझ्युम’ २०१९ पर्यंत बंदही झाली, पण त्या काळातल्या मुलांच्या प्रमाणपत्रांवर ते नाव आहेच. ते शिक्षण नववीपर्यंतचं. समकक्षतेच्या रकान्यात बारावी लिहू नका. नावापेक्षा वय आणि एकूण वर्षं पाहा. इटलीत तर आकडाही दगा देतो: अभिजात शाखेच्या पाच वर्षांच्या ‘लिचेओ’तलं (उच्च माध्यमिक शाळेतलं) पहिलं वर्ष लोक अजून ‘चौथी जिन्नाझिओ’ म्हणतात, आणि ती मुलं १४ वर्षांची असतात.

भाषा एक म्हणून अर्थही एक, असंही धरू नका. फ्रान्समध्ये ‘जिमनाझ’ म्हणजे क्रीडागृह. पण जिनिव्हा सरोवराच्या पलीकडे स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये, फ्रेंचमध्येच, ती विद्यापीठाआधीची शाळा.