जाळ्याची शिसं घरी ओतायची कशी

जाळी दुरुस्त करायला आमच्याकडे वेळ मिळतो तो पावसात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, आणि माणसं पडवीत जाळं पसरून बसलेली. नेमकं तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात येतं की खालच्या कडेची निम्मी शिसं, म्हणजे जाळं बुडवणारी वजनं, गळून गेलीत. मग निघते कढई. शिसं वितळवायला वर्षभरात याहून वाईट दिवस नाहीत. हे काम एप्रिल-मेमध्ये उरकायचं. तेव्हा राहिलं असेल तर सरळ ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत थांबायचं आणि तोवर बाजारातली शिसं विकत आणून वापरायची.

मी जयगडच्या खाडीत बोईट माशांसाठी पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकतो. माझ्या दहा फुटी जाळ्याला साडेचार-पाच किलो शिसं लागतं. दर दोन-तीन वर्षांनी तेवढं ओततो. बंदुकीच्या गोळ्यांचं मात्र मला विचारू नका. त्याला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि तिथे कथिल आणि अँटिमनी घालून कडक केलेलं शिसं वापरतात. जाळ्याला उलट मऊ हवं. मऊ शिसं दोरीवर नीट दाबून बसतं.

भंगार

शुद्ध मऊ शिसं मिळतं ते जुन्या पाण्याच्या नळ्यांतून, जुन्या केबलच्या वेष्टनातून आणि फाटक्या जाळ्यांच्या शिसांतून. नखाने ओरखडा उठला आणि कागदावर पेन्सिलीसारखी रेघ उमटली, की माल बरोबर. टायरवाल्याकडची चाकाची वजनं एकेक तपासून घ्या, कारण त्यांत आता जस्ताची आणि लोखंडाची फार येतात. शिसं फरशीवर टाकलं तर ‘थप्’ वाजतं, जस्त खणखणतं. जस्त शिशात विरघळलं की कढईतला सगळा माल खिरीसारखा गुठळ्यांचा होतो आणि साच्यात उतरत नाही.

बॅटरी फोडायची नाही. आत आम्ल असतंच, शिवाय तिच्या आतल्या शिशाच्या प्लेटांत मिसळलेल्या आर्सेनिक-अँटिमनीचा विषारी वायू होऊ शकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी ती गोळा करणाऱ्याकडे किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यायची असते. तिच्या बदल्यात पैसेही सुटतात. चार किलो शिशासाठी फुप्फुसं पणाला लावणाऱ्यांचे व्हिडिओ मी पाहिलेत, पुढचं काही बोलत नाही.

भांडं बिडाच्या कढईचं किंवा जाड पोलादाचं. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, तापल्यावर त्यात जीव राहत नाही. एकदा शिशाला लावलेली कढई, पळी, झारा पुन्हा स्वयंपाकघरात येत नाहीत. माझ्या कढईचा एक कान मी मुद्दाम तोडून ठेवलाय, म्हणजे पाहुणी आलेली मावशीसुद्धा चुकणार नाही.

ओल

आता खरी गोष्ट. शिसं ३२७ अंशांना वितळतं, पाण्याची वाफ १०० ला होते. वितळलेल्या शिशाच्या पोटात पाण्याचा थेंब गेला तर त्याची क्षणात सोळाशेपट जागा व्यापणारी वाफ होते आणि ती वरचं शिसं घेऊन उडते. हे सगळेच सांगतात. पण ‘भंगार कोरडं असावं’ एवढं म्हणून पुढे जातात, आणि इथेच माझा राग आहे. कोकणात कोरडं म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही.

माझं झालं ते असं. एका जुन्या जाळ्याची शिसं काढली, पट्टी दोरीभोवती गुंडाळतात तसली. तीन दिवस मेच्या कडक उन्हात खळ्यात वाळवली. हाताला चटका बसेल इतकी तापलेली. कढईत आधीचं शिसं वितळलेलं होतं, त्यात मूठभर टाकली. आवाज दिवाळीतल्या बॉम्बसारखा झाला. निम्मी कढई रिकामी, थेंब पडवीच्या कौलांना खालून चिकटलेले, आणि उजव्या हातावर कोपरापर्यंत सात डाग. चष्मा होता म्हणून हे आज लिहितोय. शेजारचे अण्णा धावत आले आणि म्हणाले, ‘‘अरे, एवढं वाळवलंस तर पाणी राहिलं कुठे?’’

उरलेल्यांपैकी एक शिसं मी छिन्नीने उलगडून त्यांना दाखवलं. आतली दोरी ओली होती. ती वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेली, आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं. दिवसा उन्हात पट्टीची बाहेरची बाजू सुकते, रात्री खारी हवा आत पुन्हा ओल भरते. तुम्ही महिनाभर वाळवलंत तरी आतलं मीठ आहे तिथेच आहे.

तेव्हापासून माझे नियम ठरले आणि त्यांत मी सूट देत नाही. गुंडाळलेलं प्रत्येक शिसं उलगडायचं, दोरी काढून टाकायची. नळीचा तुकडा असेल तर उभा चिरायचा. मिटलेली पोकळी कढईत जाता कामा नये. मग गोड्या पाण्याने दोनदा धुवायचं. ओल टाळायची म्हणून धुवायचं हे ऐकायला उलटं वाटतं, पण मीठ गेल्याशिवाय ओल जात नाही. मग दोन दिवस ऊन, रात्री घरात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: भंगार गार कढईत घालायचं, कढईखाली विस्तव नंतर. वर लोखंडी झाकण थोडं तिरकं ठेवून आच मंद. चुकून ओल राहिलीच असेल तर शिसं वितळायच्या कितीतरी आधी ती निघून जाते. वितळलेल्या शिशात भंगार कधीही टाकायचं नाही. कढई लहान पडली तर ती ओतून रिकामी करा, गार होऊ द्या आणि दुसरा घाणा लावा. वेळ जातो, जाऊ दे.

ओल फक्त भंगारातच असते असं नाही. गार पळी शिशात बुडवली तरी तडतडते, म्हणून पळी आधी कढईच्या काठावर तापवायची. जांभा दगड पाणी पिऊन बसलेला असतो, सारवलेल्या खळ्याचंही तेच, म्हणून शेगडीखाली आणि साच्याखाली लोखंडी पत्रा हवा. माडाखाली बसायचं नाही. सकाळी झावळ्यांवरून दंव ठिबकतं, नारळाचं तर बोलायलाच नको. कपाळाचा घाम पुसायला खांद्यावर पंचा हवाच. मी दहाच्या सुमारास दंव सुकल्यावर सुरू करतो आणि दुपारचा खारा वारा जोर धरण्याआधी आवरतो. वारा बाजूने घ्यायचा. पाठीवर घेतला तर धूर वळसा घालून तोंडावरच येतो.

अंगावर सुती पूर्ण बाह्या, चामड्याचे बूट, पँट बुटांच्या बाहेरून, चेहऱ्यावर ढाल. नायलॉनची लुंगी नेसून येणाऱ्याला मी उभा करत नाही. पाण्याची बादली दहा पावलं लांब ठेवायची. ती भाजलेल्या हातासाठी आहे, कढईसाठी नाही. भाजलंच तर वीस मिनिटं गार पाण्याखाली, आणि मग डॉक्टर.

शुद्ध करून ओतणं

वितळल्यावर खिळे, तारा वर येतात, कारण लोखंडसुद्धा शिशावर तरंगतं. झाऱ्याने काढा. जस्त ४१९ अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून आच चारशेच्या आत ठेवली तर चुकून आलेला तुकडाही तसाच तरंगताना सापडतो. त्यासाठी शिशात बुडवायचा डिजिटल थर्मामीटर घ्या. लांबून रोखायचा बंदुकीसारखा थर्मामीटर चकचकीत शिशावर खोटं सांगतो.

मग सुपारीएवढं मेण टाकून ढवळायचं. धूर येईल, जाळ होईल, होऊ दे. राखाडी भुकटी वर जमेल, ती काढून झाकणाच्या डब्यात. खालचं शिसं आरशासारखं दिसलं की बिडाच्या आप्पेपात्रात ओतून वड्या पाडा. (हे आप्पेपात्रही आता कायमचं शिशाचं.) त्या दिवशी एवढंच.

दुसऱ्या दिवशी वड्या गार कढईत घालून पुन्हा वितळवा. साचा लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा दोन भागांचा करून घ्या, मध्ये भोकासाठी सळई. रॉकेलच्या चिमणीवर धरून आतून काजळी बसवली की माल चिकटत नाही. साचा कढईच्या काठाशी तापवत ठेवा. पहिल्या आठ-दहा गोळ्यांना सुरकुत्या पडतात, म्हणजे साचा अजून गार आहे. पिठूळ, पांढुरक्या निघायला लागल्या की जास्त तापला. वरचं शेपूट जुन्या अडकित्त्याने कापा. गोळ्या पाण्यात टाकून गार करू नका, पत्र्यावर आपोआप होतात.

शेवटी कढईत शिसं ठेवून उठायचं नाही. पुढच्या वेळी खालचं आधी वितळतं, वरचा घट्ट थर तसाच असतो, आणि कोंडलेलं शिसं फटीतून उसळतं. उरलेलं सगळं आप्पेपात्रात.

भुकटीचा डबा विहीर, खाडी, माडाचं आळं यांपैकी कशातही रिकामा करायचा नाही. वाऱ्याने उडणारी ती भुकटी धुरापेक्षा वाईट, आणि लहान मुलांच्या अंगात शिसं किती गेलं तर चालतं, याचं उत्तर ‘अजिबात नाही’ असंच आहे. माझा डबा भरला की शिसं शुद्ध करणाऱ्या परवानाधारकाकडे जातो. हात कोपरापर्यंत साबणाने धुवून, कपडे वेगळे भिजवून मगच चहा. आमच्या घरी त्या दिवशी मला नातवाला उचलायची बंदी असते, आंघोळ होईपर्यंत.